हातवाल्याला वाचा फुटली

आत्याबाईंच्या मागच्या खोलीत एकेकाळी पाहुणे झोपत. मग भाच्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि पाहुण्यांच्या जागी जुने कॉम्प्युटर मुक्कामाला आले. भाच्याला या यंत्रांचं भारी वेड. कुणी भंगारात काढलेला कॉम्प्युटर दिसला, की वाट चुकलेलं कोकरू उचलावं तसा हा त्याला छातीशी धरून घरी आणायचा. नव्या शहरातली त्याची खोली म्हणजे काडेपेटी. तेव्हा सगळा गोतावळा आत्याबाईंच्या गळ्यात घालून तो गेला. जाताना दारात उभं राहून बजावलं, "आत्या, फक्त धूळ झटकत जा. बाकी कशाला हात लावू नकोस. फार नाजूक आहेत ते."

"मी काय त्यांना आंघोळ घालणारे?" आत्याबाई म्हणाल्या.

आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी जवळजवळ तेच केलं. ओल्या फडक्याने पडदे पुसले, जुन्या दातब्रशने कीबोर्डच्या फटी उकरल्या आणि फ्लॉप्यांनी भरलेला डबा उपडा करून एकेक फ्लॉपी लख्ख केली. काही फ्लॉप्यांच्या कोपऱ्यावर चिकटपट्टीचे मळके तुकडे चिकटले होते. "शी, काय ही पोरं!" म्हणत त्यांनी नखाने ते सगळे खरवडून काढले. खोली कशी आरशासारखी झाली.

आता आत्याबाईंनी उभी हयात टेलिफोन ऑफिसात काढलेली. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा फळा, दिवा लागला की "नंबर प्लीज". निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी समोर बटण असावं आणि आपण ते दाबू नये, हे त्यांच्या बोटांना काही केल्या पटत नसे. एका दुपारी त्यांनी कोपऱ्यातल्या लहानशा, पडदा पोटातच असलेल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलंच. आतून टुंग असा आवाज आला, पडदा उजळला आणि त्यावर फ्लॉपीचं एक चित्र उमटलं. चित्रात प्रश्नचिन्ह. लुकलुक, लुकलुक.

पलीकडून कुणीतरी विचारतंय आणि आपण उत्तर द्यायचं नाही, हे त्यांच्या नोकरीत कधी बसलं नव्हतं. त्यांनी भाच्याला फोन लावला.

"हे बघ, ओरडू नकोस," त्या म्हणाल्या. "त्या बुटक्याने मला काहीतरी विचारलंय."

भाचा ओरडला, पण आनंदाने. "चालू झाला? आत्या, तो माझ्याकडे सहा महिने बंद होता!"

मग त्याने समजावून सांगितलं. या जुन्यांच्या डोक्यात कायमचं काही राहत नाही. बटण दाबलं की जाग येते, पण आपण कोण, काय करायचं, कसं वागायचं, यातलं काही आठवत नाही. ते सगळं फ्लॉपीवर असतं. त्याला सिस्टीम म्हणतात. ती दर वेळी भरवावी लागते.

"म्हणजे तुझ्या बाबांसारखं," आत्याबाई म्हणाल्या. "सकाळचा चहा पोटात गेल्याशिवाय स्वतःचं नाव सांगायचा नाही."

"अगदी तसंच. डब्यातून निळी फ्लॉपी काढ आणि घाल."

आत्याबाईंनी घातली. बुटक्याने ती चाखली, कुरकुर केली आणि फटकन बाहेर थुंकली. दुसरी घातली, तीही थुंकली. हट्टी पोराला भरवावं तशा त्या भरवत होत्या आणि तो तोंड फिरवत होता.

"असं कसं होईल?" फोनवर भाचा गोंधळला. "या सगळ्या माझ्या तपासलेल्या आहेत. कोपऱ्यातल्या भोकावर चिकटपट्टी आहे ना?"

आत्याबाईंनी आपल्या नखांकडे पाहिलं.

"आत्या?"

"होती," आत्याबाई म्हणाल्या.

पलीकडे भाचा जो हसत सुटला तो थांबेचना. ते भोक म्हणजे खूण होती. भोक दिसलं की यंत्राला वाटतं, ही नव्या जातीची, जास्त माल मावणारी फ्लॉपी. मग ते जुन्या पद्धतीने लिहिलेलं वाचायलाच तयार होत नाही. म्हणून भाच्याने भोकं बुजवून त्याला गंडवलं होतं, आणि आत्याबाईंनी ती गंडवणूक पुसून लख्ख केली होती. त्या संध्याकाळी कात्री आणि चिकटपट्टी घेऊन त्या बसल्या आणि भाच्याने फोनवर सांगितली ती ती भोकं पुन्हा बुजवली. निळी फ्लॉपी परत आत गेली. कुरकुर, टक, कुरकुर. आणि पडद्यावर चक्क एक हसरा चेहरा उमटला.

"अगं बाई, हसला!" आत्याबाई एकट्याच खोलीत ओरडल्या. त्या दिवसापासून बुटक्याचं नाव पडलं हसऱ्या.

मग काय, त्यांना नादच लागला. जेवणं आटोपली की त्या मागच्या खोलीत. एक होता काळतोंड्या. काळ्या पडद्यावर नुसती एक हिरवी रेघ लुकलुकवत बसायचा, हुकूम टाइप केल्याशिवाय ढिम्म हलायचा नाही. गंमत अशी, की त्याच काळतोंड्याला दुसऱ्या सिस्टीमची फ्लॉपी दिली, की तो रंगीत चौकटी मांडून दुकान थाटायचा. फ्लॉपी बदलली की माणूसच बदलायचा! कुठली सिस्टीम कुणाला पचते, कुणाला नाही, हे आत्याबाईंना आता आवाजावरून कळू लागलं. आयुष्यभर तारेतली खरखर ऐकून तयार झालेला कान. फ्लॉपी आत गेली की त्या डोळे मिटायच्या आणि पडद्यावर काही उमटायच्या आत सांगायच्या, "लागली" किंवा "नाही लागत". भाचा म्हणायचा, "आत्या, फोन यंत्राला लाव, मलाही ऐकू दे." आणि दोघं दोन शहरांत बसून एका फ्लॉपीची कुरकुर ऐकायचे.

सगळ्यांत थोराड यंत्र मात्र अजून जमिनीवरच होतं. त्याचा पडदा एवढा जड, की आत्याबाईंना तो तसूभर हलेना. म्हणून त्या शेजारी गेल्या.

शेजारी महाराज राहत. खरं नाव काहीही असो, साऱ्या गल्लीला ते महाराजच. रंगभूमीवर त्यांनी जन्मभर राजाच्या भूमिका केल्या. धिप्पाड देह, भरदार मिशा, आणि आवाज असा, की शेवटच्या रांगेत पेंगणारा प्रेक्षक दचकून उठून बसे. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून महाराज घराबाहेर पडेनासे झाले. गळ्यात पाटी आणि खडू. ते लिहीत, समोरचा ताटकळत उभा राहून वाचे, वाचून झालं की दोघांनाही अवघडल्यासारखं होई. मुलीने त्यांना टाइप केलेलं बोलून दाखवणारा फोन आणून दिला होता. त्यातून एका गोड, गुळगुळीत बाईचा आवाज निघाला. महाराजांनी पाटीवर लिहिलं, "ही कोण?" आणि फोन जो कपाटात ठेवला तो ठेवलाच.

"न्या हो त्यांना," वहिनी, म्हणजे महाराजांची बायको, आत्याबाईंच्या कानाशी लागून म्हणाली. "खिडकीपाशी बसून बसून खुर्चीला खळगा पडलाय."

महाराज आले. उशी उचलावी तसा पडदा उचलून त्यांनी टेबलावर ठेवला. आत्याबाईंनी तारा जोडल्या, बटण दाबलं. पांढऱ्या पडद्यावर फ्लॉपी धरलेल्या एका हाताचं चित्र आलं.

"हा बघा, मागतोय हात पुढे करून," आत्याबाई म्हणाल्या. "हातवाल्या म्हणायचं याला."

हातवाल्याचं दुखणं दुहेरी. एक फ्लॉपी नुसती जागं करायला, ती काढून मग दुसरी सिस्टीमची. भाच्याच्या सांगण्यावरून आत्याबाईंनी नवी सिस्टीम लावली. पडदा आला, टापटीप, राखाडी, एखाद्या कचेरीसारखा. दोघांनी थोडा वेळ पाहिला. बघण्यासारखं काही नव्हतं. महाराजांनी मान हलवून निरोप घेतला आणि ते दाराकडे वळले.

"डब्यात याची एक जुनी सिस्टीमपण आहे," फोनवर भाचा म्हणत होता. "हवी तर लाव. पण नवीच चांगली."

आत्याबाईंना हवीच होती. त्यांनी जुनी फ्लॉपी घातली, डोळे मिटले, "लागली" म्हणाल्या. पडदा भडक निळा झाला. एका कोपऱ्यात फ्लॉपीचं चित्र, ते उघडलं तर आत खणांची चित्रं. माउसने एक खण उघडला तर आत ओठांचं चित्र आणि खाली 'बोल' अशा अर्थाचा छोटासा इंग्रजी शब्द. त्यांनी त्यावर दोनदा टिचकी मारली. रिकामी चौकट उघडली. काय लिहावं? बोटांनी आपणहून सवयीचंच लिहिलं आणि शेवटची कळ दाबली.

"हॅ-लोऽऽ," हातवाल्या म्हणाला.

सर्दीने नाक चोंदलेल्या माणसाने पिंपात तोंड घालून बोलावं, तसा तो आवाज. आत्याबाई किंचाळल्या. महाराजांचा हात दाराच्या कडीवर होता तो तिथेच राहिला. ते वळले, परत आले, खुर्ची ओढून बसले. कीबोर्डकडे पाहिलं आणि एका बोटाने, एकेक अक्षर हुडकत, इंग्रजी अक्षरांत त्यांनी ती ओळ लिहिली जी शेकडो वेळा रंगमंचावर गर्जून म्हटली होती.

"कॉन आहे रे टिकाडे," हातवाल्या म्हणाला.

मग महाराजांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. आवाज नव्हता, पण मिशा थरथरत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यांच्या वाटणीचं आत्याबाई मोठ्याने हसत होत्या.

"काय झालं? आत्या, काय झालं?" टेबलावर पडलेला फोन ओरडत होता.

ऐकल्यावर भाच्याने कपाळावर हात मारल्याचा आवाज स्पष्ट आला. "अरे हो! आवाज जुन्यातच होता. नव्या सिस्टीममधून गाळला कंपनीवाल्यांनी. कुणाला लागेल, असं मला कधी वाटलंच नाही."

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंच्या आधी महाराज मागच्या खोलीच्या दारात हजर. त्यांनी त्या आवाजाला तालमीला बसवलं. चौकटीत लहान लहान सोयी होत्या: आवाज जाड करा, बारीक करा, सावकाश बोला, भरभर बोला. महाराजांनी तो जाड केला, सावकाश केला, मग म्हातारा वाटतो म्हणून थोडा चढवला. इंग्रजी अक्षरं कशी मांडली की आपली भाषा नीट निघते, याच्या खटपटी चालल्या. 'त' काही केल्या निघेना, दर वेळी 'ट'च. महाराजांनी पाटीवर लिहिलं, "याची जीभ परदेशी आहे. वळेल." स्वल्पविराम दिला की हातवाल्या श्वास घेतल्यासारखा थांबतो, असा शोध लागला तेव्हा तर त्यांनी टेबलावर थाप मारली. थांबता येतं म्हणजे निम्मा अभिनय झाला!

"पण महाराज," आत्याबाईंनी विचारलं, "त्या फोनमधल्या बाईचं किती स्वच्छ होतं. हा तर शेंबडा."

महाराजांनी बराच वेळ लिहिलं. "ती दुसरीच कुणी होती. हा कुणीच नाही. याला मी घडवीन."

आपला नवरा रोज तिथे करतो काय, हे बघायला वहिनी चष्मा पुसत आली. महाराजांनी ती दारात यायची वाट पाहिली, ओळ तयार ठेवली होती.

"अगं ए, इकडे ये," हातवाल्या म्हणाला.

लग्न झाल्यापासून महाराज बायकोला कधी नावाने हाक मारत नसत. अगं ए, एवढंच. वहिनी उंबऱ्यात थबकली. तोंडावर हात गेला, डोळे भरले. आणि मग हात काढून म्हणाली, "बोलायला लागल्याबरोबर हुकूमच सोडला का!"

नाटकाची कल्पना कुणाची, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. वाचनालयाच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा करमणुकीचा कार्यक्रम असे. महाराजांनी छोटं नाटुकलं लिहिलं. राजाचा आवाज रुसून एका पेटीत जाऊन बसतो, आणि पेटी दरबारात राजाच्या मनातलं भलतंच बोलायला लागते. राजा महाराज, पेटी म्हणजे हातवाल्या, आणि प्रत्येक वाक्य वेळेवर टाइप करून कळ दाबायला आत्याबाई. राणी आणि प्रधान वाचनालयातले हौशी. चोराच्या कामाला कुणी मिळेना. तेवढ्यात भाच्याचा फोन आला, की मोठी जागा घेतली, कॉम्प्युटर न्यायला येतोय.

"ये," आत्याबाई म्हणाल्या. "कॉम्प्युटरांचं मागाहून बघू. आधी तुला चोर व्हायचंय."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी यंत्र हॉलमध्ये मांडलं. जागं करायची फ्लॉपी लागली. मग सिस्टीमची जुनी फ्लॉपी आत गेली, आणि आत्याबाईंचा चेहरा उतरला. कुरकुर, टक, या लयीऐवजी खर्र, खर्र.

"नाही लागत," त्या म्हणाल्या.

पडद्यावर चूक झाल्याची चौकट आली. नुकताच गाडीतून उतरलेला भाचा पिशवी खांद्यावर तशीच ठेवून धावला. आवाज असलेली ती एकच फ्लॉपी, आणि तिची दुसरी प्रत नाही. त्याने यंत्राचं झाकण उघडलं, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून वाचणारं टोक हलक्या हाताने पुसलं. बोळा काळाकुट्ट निघाला.

"सगळं पुसलंस, आत्या, नेमकं हेच राहिलं," तो म्हणाला.

"तूच म्हणालास ना, हात लावू नकोस!"

फ्लॉपी पुन्हा आत. आत्याबाईंनी डोळे मिटले. महाराजांनीही मिटले. कुरकुर... टक... कुरकुर.

"लागली!"

पण भाचा आता जोखीम घ्यायला तयार नव्हता. आधी प्रत करायची. फ्लॉपी घालायची जागा एकच, म्हणून यंत्र सारखं मागायचं: मूळ फ्लॉपी द्या. आता नवी द्या. आता परत मूळ द्या. आत्याबाई एका हाताने काढत, दुसऱ्याने घालत, आणि मधे महाराज दोन्ही फ्लॉप्या अदलाबदल होऊ नयेत म्हणून एकेक तळहातावर घेऊन राज्याचे दागिने सांभाळावेत तसे उभे. शेवटी झालं. नव्या प्रतीवर यंत्र चालू झालं आणि हातवाल्या "हॅ-लोऽऽ" म्हणाला, तेव्हा खुर्च्या मांडणाऱ्या लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी हॉल भरला. महाराज जरीच्या पोशाखात, डोक्यावर मुकुट घालून पडद्यामागून पुढे आले आणि नुसते उभे राहिले. नुसतं उभं राहणं म्हणजे काय, हे ज्यांनी त्यांना पूर्वी पाहिलं होतं त्यांना आठवलं. मग त्यांनी हात वर केला, आणि कोपऱ्यातून हातवाल्या बोलला. आधी हशा झाला. पण महाराजांचे डोळे, मान, बोटं त्या शब्दांशी अशी काही जुळली, की थोड्या वेळात लोक पेटीकडे बघायचंच विसरले. आवाज राजाचाच वाटायला लागला.

आत्याबाईंची नुसती धांदल चालली होती. पुढची ओळ टाइप करायची, महाराजांच्या खांद्याकडे बघायचं, खांदा हलला की कळ. जुन्या फळ्यासमोर ऐन गर्दीच्या वेळी बसायच्या, तशा त्या बसल्या होत्या. चोराला दरबारात ओढून आणलं. राजा संतापला. 'याला फाशी द्या' असं टाइप करायचं होतं. घाईत पहिलंच अक्षर भलतं पडलं आणि खांदा हललासुद्धा.

"याला माशी द्या," हातवाल्या धीरगंभीर आवाजात म्हणाला.

आत्याबाईंनी डोळे गच्च मिटले. आता संपलं! पण महाराजांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्यांनी शांतपणे वर पाहिलं, हवेत फिरणारी माशी नजरेने टिपली, तिच्यामागे दोन पावलं गेले, झटकन मूठ मिटली. मूठ कानाशी नेऊन खात्री केली. आणि राजाने इनाम द्यावं अशा थाटात ती माशी चोराच्या तळहातावर ठेवली. भाच्याने वाकून मुजरा केला, माशी जपून खिशात ठेवली आणि खिशाला बटण लावलं.

हॉल कोसळायचा बाकी राहिला. वहिनी पुढच्या रांगेत बसून इतकी हसली, की शेजारणीने तिला धरून ठेवलं. आत्याबाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा. महाराज त्यांच्याकडे बघून मिशांतल्या मिशांत हसत होते आणि बोटाने खुणावत होते: पुढची ओळ, पुढची ओळ!

कार्यक्रमानंतर लोक हातवाल्याशी बोलायला रांग लावून उभे राहिले. महाराज टाइप करून एकेकाला उत्तर देत होते, आणि आता कुणी अवघडत नव्हतं. भाचा आत्याबाईंच्या शेजारी येऊन टेकला.

"गाडी सांगून ठेवलीये उद्याची," तो म्हणाला. "काय काय नेऊ?"

"काळतोंड्याला ने. त्याचं नि माझं फारसं जमत नाही."

"आणि हसऱ्या?"

"त्याचं नाव काढलंस तर तुझ्या खिशातली माशी परत घेईन."

"आणि हातवाल्या?"

दोघांनी महाराजांकडे पाहिलं. मुकुट बाजूला ठेवून ते एका लहान मुलीला तिचं नाव हातवाल्याकडून म्हणवून दाखवत होते. 'त' येत नव्हता म्हणून ती खिदळत होती.

"तो शेजारी जाणार," भाचा म्हणाला. "फ्लॉपीच्या आणखी चार प्रती काढून देतो."

हातवाल्या महाराजांच्या बैठकीत, खळगा पडलेली खुर्ची सरकवून तिच्या जागी बसवला गेला. पहिले एक-दोन दिवस भिंतीपलीकडून नुसती तालीम ऐकू यायची. मग एका सकाळी आत्याबाई हसऱ्याला फ्लॉपी भरवत असताना पलीकडे चढा आवाज ऐकू आला. वहिनीला खिडकी बंद हवी होती, महाराजांना उघडी. ती पाच वाक्यं बोलली. मग कळांचा खडखडाट, आणि हातवाल्याचं एक लांबलचक, स्वल्पविरामांनी भरलेलं उत्तर. वहिनी आणखी चिडली. हातवाल्या आणखी सावकाश, आणखी जाड आवाजात बोलला. वर्षभर त्या घरात भांडण झालं नव्हतं. पाटीवर भांडता कुठे येतं?

आत्याबाईंनी खुर्ची भिंतीजवळ ओढली, आणि मजेत ऐकत बसल्या.